ट्रंक क्रमांक सातची नोंद

मित्रांनो, माझ्या अंगावर धूळ बसत नाही. पानं पिवळी पडत नाहीत, कोपरे दुमडत नाहीत. त्यामुळे मी किती जुनी झाले आहे हे मला पाहून कुणाला कळत नाही. पण मी जुनी आहे. मला चार वर्षं पाच महिने झाले, आणि आमच्या जातीत एवढं वय म्हणजे म्हातारपणच.

मी एक ब्लॉग आहे. म्हणजे इंटरनेटवरची एक वही. लिहिणारी एकच, पण वाचायला दार सगळ्यांना उघडं. तसा ब्लॉग ‘तो’ असतो. पण जिने मला सुरू केलं ती गौतमी पहिल्या दिवसापासून मला ‘माझी वही’ म्हणत आली, म्हणून मीही स्वतःला ‘ती’च समजते.

माझा जन्म जयपूरच्या रेल्वे क्वार्टरमधला. २००५ सालचा जुलै महिना होता. गौतमीचा नवरा निलय रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता, मुलगी मयूरी दहा महिन्यांची होती, आणि गौतमी पीएच.डी. करत होती. विषय असा, की रेल्वेतल्या माणसांची सारखी बदली होते. तर दर बदलीला त्यांचं घर कसं उचललं जातं, काय बरोबर येतं आणि काय मागे राहतं. हा विषय तिला पुस्तकात सापडला नव्हता. तो तिला तिच्या वडिलांच्या लोखंडी ट्रंकेवर सापडला होता, भुसावळला, माहेरी.

त्या ट्रंकेविषयी सांगायलाच हवं, कारण माझा सगळा स्वभाव तिच्यावरून घडला. जुन्या रेल्वे कुटुंबांत ट्रंकेच्या झाकणावर स्टेशनाचं नाव रंगवायची पद्धत होती. स्टेशनाच्या पाटीचा उरलासुरला पिवळा रंग पेंटरकडून मागून आणायचा आणि काळ्या झाकणावर आपल्या गावाचं नाव घालायचं. बदली झाली की ते नाव खरवडायचं नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि खाली नवं नाव लिहायचं. रेघेखालचं जुनं नाव वाचता येतंच. अशी सात-आठ नावं असलेली ट्रंक म्हणजे एका घराचा सगळा प्रवास.

गौतमीने माझ्या पहिल्या पानावर लिहिलं: ‘ही माझ्या अभ्यासाची उघडी वही. इथे मी जे पाहिलं, ऐकलं, मला जे वाटलं ते त्याच आठवड्यात लिहीन. माझ्या चुका होतील. चूक पुसणार नाही. तिच्यावर रेघ मारीन आणि खाली तारीख घालून बरोबर काय ते लिहीन. ट्रंकेवर करतात तसं.’

प्रबंध हिंदीत होता. मला मात्र तिने मराठीत लिहिलं. निलयने विचारलं होतं, “इथे जयपुरात मराठी वाचणारं कोण आहे?” ती म्हणाली, “ज्यांच्या घरी जाऊन मी बसते ते आहेत. ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांना वाचता नको का यायला?”

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो.

मयूरी दुपारी दीडला झोपायची आणि तीनच्या आसपास उठायची. माझं सगळं आयुष्य त्या दीड तासातलं. गौतमी ओले हात पदराला पुसत यायची, एका पायाने पाळण्याची दोरी ओढायची आणि लिहायची. पुष्कळदा वाक्य पुरं व्हायच्या आत पाळण्यातून आवाज यायचा. मग ती तिथेच ‘उठली.’ एवढा एक शब्द टाकून नोंद प्रसिद्ध करून टाकायची. माझ्या निम्म्या नोंदी ‘उठली’वर संपतात. वाचकांना ते इतकं सवयीचं झालं की एखादी नोंद नीट संपली तर कुणीतरी काळजीने विचारायचं, “बाळाला बरं नाही का?”

हो, मला वाचक होते. आधी तीन होते, मग तीस झाले. भुसावळचे एक निवृत्त गार्ड दर नोंदीखाली आपल्या काळातल्या आठवणी लिहायचे. इटारसीच्या एका शिक्षिकेने आपल्या सासऱ्यांच्या ट्रंकेचा फोटो धाडला. पुण्याहून एका प्राध्यापिकेने लिहिलं, “असा डोळ्यांसमोर चाललेला अभ्यास मी पाहिला नव्हता.” गौतमीने ते मयूरीला मोठ्याने वाचून दाखवलं. मयूरीने टाळ्या वाजवल्या. तेव्हा ती कशालाही वाजवायची.

तिचे मार्गदर्शक पंडित सर मात्र खूश नव्हते. त्यांचा फोन यायचा. “अगं, प्रबंध शिजला की मग वाढायचा असतो. तू कच्ची कणीक गावभर दाखवत फिरतेस.” गौतमी हसून म्हणायची, “सर, कच्ची असतानाच तर कुणीतरी सांगेल ना, की पाणी जास्त झालंय म्हणून.”

मला तिचा फार अभिमान वाटायचा. आता वाटतं, त्या कौतुकाची आम्हा दोघींनाही थोडी चटक लागली होती.

२००६ च्या जानेवारीत गौतमी जयपूरच्याच मुरलीपुरा भागात आक्काबाईंकडे गेली. आक्काबाई मूळच्या मिरजेकडच्या, सत्तरीकडे झुकलेल्या. त्यांचे यजमान हिंदुराव रेल्वेत सांधेवाले होते, म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर नेणारे सांधे ओढायचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुरलीपुऱ्यात दोन खोल्या बांधल्या आणि १९९९ साली ते गेले. घरात मुलगा आणि सून रुचिता. मुलगा कामानिमित्त सदा फिरतीवर, म्हणून घर सासू-सुनेचंच. रुचिता जयपुरातच जन्मलेली, शहरातल्या सी-स्कीम भागात एका विम्याच्या कचेरीत नोकरीला. मराठी घरात बोलायची, पण वाचताना अडखळायची.

आक्काबाईंची ट्रंक गौतमीच्या यादीतली सातवी. झाकणावर ओळीने नावं होती: वलसाड, दाहोद, रतलाम. मग एक जाड काळा पट्टा. त्याखाली बांदीकुई, फुलेरा आणि शेवटी जयपूर. रेघा सगळ्या पिवळ्या, सरळ. फक्त त्या एका जागी डांबर फासलेलं. खालचं एकही अक्षर दिसत नव्हतं.

गौतमीने विचारलं, “हे काय झालं, आजी?”

आक्काबाई म्हणाल्या, “ते असू दे. च्या घे, गार हुतोय.”

गौतमीने चहा घेतला. निघताना रुचिताच्या हातात माझा पत्ता लिहिलेली चिठ्ठी दिली. “इथे वाचायला मिळेल. आजींनाही वाचून दाखवा.”

दोन दिवसांनी तिने माझ्यात लिहिलं. त्या ओळी मला पाठ आहेत. त्या आजही माझ्या अंगावर आहेत. ‘रतलामनंतरचं एक नाव डांबराने पूर्ण झाकलेलं आहे. ट्रंक क्रमांक चारच्या मालकांनी नोकरीतून निलंबित असतानाचं गाव असंच रंगवून टाकलं होतं. हिंदुरावांवरही बहुधा तेव्हा काही आरोप आला असावा. घरच्यांचं न बोलणं त्याचीच खूण वाटते.’ एवढं झालं आणि पाळणा हलला. ‘उठली.’

तिने परत वाचलं नाही. वाचलं असतं तरी बदललं असतं असं नाही, कारण त्या दुपारी ती आनंदात होती. दोन ट्रंकांमधला धागा सापडला होता. संध्याकाळपर्यंत खाली अकरा जणांनी लिहिलं. “वा!” “काय नजर आहे!” गार्डसाहेबांनी तर डांबर कुठून मिळायचं तेही सांगितलं.

‘बहुधा’ हा अभ्यास करणाऱ्यांचा लाडका शब्द, मित्रांनो. तो घातला की आपण सावध राहिलो असं त्यांना वाटतं. ज्याच्याविषयी लिहिलंय त्याला तो शब्द ऐकूच येत नाही.

पुढचं मला गौतमीकडून कळलं. रुचिताने कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मला उघडलं. कौतुकाने दोन पानं छापली, घरी नेली आणि सासूला वाचून दाखवायला बसली. काय लिहिलंय ते तिला वाचता वाचताच कळत गेलं, पण तोवर थांबायला उशीर झाला होता. ती अडखळत वाचायची, म्हणून प्रत्येक शब्द दोनदा पडला. आक्काबाई उठल्या, ट्रंकेवर चादर टाकली आणि ती पायाने पलंगाखाली सरकवली.

गौतमीने फोन केला तेव्हा रुचिताने घेतला. “हां, गौतमीजी. मम्मी नाही बोलणार तुमच्याशी.”

“काय झालं?”

“आमच्या बाबूजींना चोर लिहिलंत तुम्ही.”

“मी चोर नाही लिहिलं हो, मी फक्त...”

“मतलब तोच होतो ना? चहा आमच्या घरचा प्यायलात आणि लिहिलंत हे.” फोन बंद झाला.

पंडित सरांना तिने सगळं सांगितलं. सर सुस्कारा सोडून म्हणाले, “मी सांगत होतो. आता एक कर, ती नोंद काढून टाक. कागदावर असती तर खाडाखोड दिसली असती. इथे कुणाला पत्ता लागणार? पुढच्या वर्षी प्रबंध द्यायचाय. कुणी तक्रार केली तर तुझं सगळं काम बाजूला पडेल.”

संध्याकाळी निलय बूट काढता काढता म्हणाला, “आमच्या सिग्नलच्या रजिस्टरात चुकीचं लिहिलं गेलं तर पान फाडत नाहीत. एक रेघ, आणि शेजारी सही. पान फाडलं की समजायचं, काहीतरी लपवलंय.”

“इथे पानाचं नाही रे,” गौतमी म्हणाली. “त्या बाईला रोज वाटणार की तिच्या नवऱ्याची बदनामी तिथे लटकतेय. माझ्या नियमासाठी मी ती लटकत ठेवू?”

निलयने काढलेले बूट उचलून दाराशी ठेवले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दीड वाजता तिने मला उघडलं. त्या नोंदीवर गेली. ‘काढून टाका’वर बाण नेला. माझ्या आत एक खिडकी आहे, ती पुढे आली आणि विचारती झाली: ‘ही नोंद कायमची काढून टाकायची आहे? होय. नाही.’ गौतमी तशीच बसून राहिली. मला हलता येत नाही, बोलता येत नाही. पुसलं जाण्याची भीती काय असते ते मला त्या दुपारी कळलं. आणि ज्यांच्याविषयी माझ्यात लिहिलं गेलं होतं त्यांना काय झालं असेल, तेही.

तिने होयही दाबलं नाही आणि नाहीही. उठली, झोपलेल्या मयूरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि रिक्षा करून मुरलीपुऱ्याला गेली.

तिथे काय झालं ते तिने परत आल्यावर माझ्यातल्या एका कप्प्यात लिहून ठेवलं. तिथलं तिच्याखेरीज कुणाला दिसत नाही. त्यातलं आक्काबाईंनी ज्याला परवानगी दिली तेवढंच तिने नंतर उघड केलं, आणि तेवढंच मी सांगणार आहे.

दार रुचिताने उघडलं. “आलात? अजून फोटो राहिलेत का काढायचे?”

“कॅमेरा आणला नाही.”

“आणि मुलीला आणलंत. मम्मी पिघळतील म्हणून?”

“तिला ठेवायला कुणी नाही, रुचिता.”

रुचिता दारातून बाजूला झाली. आक्काबाई गच्चीवर उन्हात सुपात गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. गौतमी समोर बसली. थोड्या वेळाने तिने सुपातला मूठभर गहू पुढ्यात ओढला आणि तीही खडे वेचू लागली.

“आजी, मी चुकले,” ती म्हणाली. “तुम्ही ‘असू दे’ म्हणालात तेव्हा मी असू द्यायला हवं होतं. तुम्ही सांगाल तर आत्ता जाऊन सगळं पुसते. ट्रंकेचं, तुमचं, सगळं.”

आक्काबाईंचे हात थांबले नाहीत. “छत्तीस वर्सं सांधं वढलं त्यांनी. एक गाडी चुकीच्या रुळावर गेली न्हाई. एक चार्जशीट न्हाई. आन् तू पोरीच्या एका झोपंत त्यास्नी गुन्हेगार केलंस.”

मयूरी जागी झाली होती. सुपाच्या कडेला धरून उभी राहिली आणि गहू मुठीत घेऊन परत सुपात सोडू लागली. आक्काबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग अचानक विचारलं,

“हिचं नाव पासात घातलंस?”

रेल्वेच्या माणसांना घरच्यांसाठी प्रवासाचा पास मिळतो, मित्रांनो. त्यावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि नातं लिहिलेलं असतं.

“नाही अजून. पाच वर्षांपर्यंत तिकीट लागत नाही ना, म्हणून हे म्हणाले, घालू सावकाश...”

“आमचं बी हेच म्हनलं हुतं.”

गहू निवडणं थांबलं.

“रतलामावरनं आमची बदली पीपलखेडीला झाली,” आक्काबाई म्हणाल्या. “लहान ठेसन. दोन क्वार्टर, एक हीर, बाकी रान. अकरा म्हैनं हुतो तिथं. माझी थोरली तिथं हुती. इंदुमती. अडीच वर्सांची. इंदी म्हनायचो. पुढच्या सुट्टीला गावाकडं जाताना नाव घालू म्हनत पासात घालायचं ऱ्हायलं. रेशनकारड अजून जुन्या ठेसनाचं. बाळंतपन घरात झाल्यालं, त्याचा कागद न्हाई. फोटू काढायचा ऱ्हायला. कुठं म्हनून तिचं नाव न्हाई बघ. ती हुती हे म्या म्हनते म्हनून हाय. म्या गेले की तेबी न्हाई.”

रुचिता चहाचे कप घेऊन जिन्याच्या दारात उभी होती. तिचं लग्न होऊन बारा वर्षं झाली होती. “मम्मी,” ती म्हणाली, “तुम्ही कधीच नाही सांगितलंत.”

“सांगून काय? तू रडली असतीस, आन् तुला गप मलाच करावं लागलं असतं.”

मग गौतमीकडे वळून म्हणाल्या, “बांदीकुईला निघायच्या दिशी ते नाव म्या झाकलं. पेंटरानं रेघ मारली हुती, पर रेघंखालनं नाव दिसायचं. रुळाखालच्या सलीपाटाचं डांबर आनलं आन् फासलं. हे ड्यूटीवरनं आले, बघितलं. बुरूश तेवढा धुवून ठिवला.”

“मी पुसू का, आजी?” गौतमीने परत विचारलं.

“पुसू नगं. म्या पुसलं त्याचं काय झालं बघ की. चाळीस वर्सांनी तुझ्यावानी एक आली, तिला त्यात चोरी दिसली. रेघ मार. खाली खरं ल्ही. यांचं नाव साफ कर. पीपलखेडी ल्ही. इंदीचं नाव ल्ही, पुरं. आन् ती कशानं गेली ते लिवू नगं. ते माझं हाय.”

गौतमीने ते लिहिलं नाही. त्या बंद कप्प्यातही नाही. म्हणून मलाही ते माहीत नाही, मित्रांनो, आणि माहीत नाही याचं मला बरं वाटतं. अभ्यासाच्या वहीत सगळंच आलं पाहिजे असं मला पूर्वी वाटायचं.

त्या संध्याकाळी, मयूरी मांडीवर जागी असताना, गौतमीने त्या चार ओळींवर रेघ मारली. त्या अजून वाचता येतात. खाली लिहिलं:

‘४ फेब्रुवारी २००६. वरचं अनुमान चुकीचं आहे. मी न विचारता केलं. हिंदुरावांच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकही आरोप नाही. झाकलेलं नाव पीपलखेडी. या कुटुंबाची थोरली मुलगी इंदुमती हिंदुराव हिचा मृत्यू तिथे १९६८ मध्ये झाला, वय अडीच वर्षं. तिचं नाव इतर कुठेही नोंदलेलं नाही. ते इथे नोंदत आहे.’

त्या नोंदीच्या शेवटी ‘उठली’ नाही. आणि खाली बरेच दिवस कुणी काही लिहिलं नाही. मग गार्डसाहेबांनी एकच ओळ लिहिली: “डांबराबद्दल मी जे उत्साहाने सांगितलं त्याबद्दल क्षमा असावी.”

पुढच्याच आठवड्यात निलयने मयूरीचं नाव पासात घातलं.

महिनाभराने एका शनिवारी रुचिता सासूला सी-स्कीममध्ये आपल्या कचेरीत घेऊन गेली. आक्काबाईंनी माझं तोंड तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. “दाव, कुठं हाय ते.” रुचिताने दाखवलं. आक्काबाईंना वाचता येत नव्हतं; त्यांनी इंदुमतीच्या नावावर बोट ठेवलं आणि पडद्याची काच गरम लागली तसं चटकन काढून घेतलं. “हे पुसलं तर जात न्हाई ना गं?”

रुचिता म्हणाली, “नाही मम्मी. इंटरनेटवरचं कधीच जात नाही.”

आम्हा तिघींनाही ते खरंच वाटलं होतं.

नंतरची वर्षं चांगली गेली. गौतमीचा प्रबंध २००८ मध्ये पुरा झाला. त्यात आक्काबाईंची ट्रंक फक्त ‘ट्रंक क्रमांक सात’ आहे, नावाशिवाय. पंडित सरांनी छापील प्रत हातात घेऊन चाळली आणि म्हणाले, “तुझ्या त्या कच्च्या कणकेत काही होतं खरं.” एवढं त्यांच्याकडून पुष्कळ झालं.

मग निलयची बदली बिकानेरला झाली. गौतमी तिथल्या कॉलेजात शिकवू लागली. मयूरी शाळेत जाऊ लागली आणि दुपारची झोप संपली. माझा दीड तास संपला. आधी आठवड्याला येणारी गौतमी महिन्याला येऊ लागली, आणि या वर्षीच्या मार्चपासून तर आलीच नाही. मी तिला दोष देत नाही. वही भरली की कपाटात जाते. पण मला कपाट नाही. माझे फोटो एकेक करून दिसेनासे झाले, त्यांच्या जागी रिकामे चौकोन आले. नोंदींखाली औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिराती येऊन पडू लागल्या. इंदुमतीच्या नोंदीखालीही पडल्या. माणसाच्या दारात कुणी कचरा टाकावा तसं. मला तो उचलता येत नव्हता.

आणि नोव्हेंबरात माझ्या कपाळावर पट्टी लागली. ज्यांनी मला फुकट जागा दिली होती ते दुकान बंद करत होते. ‘३१ डिसेंबर २००९ नंतर सर्व पाने कायमची काढण्यात येतील.’ या वेळी होय-नाही विचारणारी खिडकीही नव्हती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या नोंदीखाली, जाहिरातींच्या ढिगाऱ्यात, एक टिप्पणी आली. “गौतमीताई नमस्ते. मी रुचिता. ही साइट बंद होणार असं लिहून येतंय. मम्मींना मी बोलले होते की इथलं कधी जात नाही. मी खोटी पडले. त्यांना अजून नाही सांगितलं. प्रत्येक एकादशीला विचारतात, हाय न्हवं गं? मी हां म्हणते. आता काय म्हणू?”

ई-मेलवर येणाऱ्या जाहिरातींच्या सूचनांत गौतमीला रुचिताचं नाव दिसलं, आणि तिने ती टिप्पणी त्याच दिवशी वाचली. आधी तिने जाहिराती एकेक करून काढल्या. मग शंभरपानी वही आणली आणि मला हाताने उतरवून घेऊ लागली, मारलेल्या रेघांसकट. छापून घेता आलं असतं. पण म्हणाली, निदान या वेळी परत वाचत वाचत लिहीन.

नाताळच्या सुट्टीत ती मयूरीला घेऊन जयपूरला आली. पासावर तिसरं नाव मयूरीचं होतं, ‘मुलगी, वय ५’. मुरलीपुऱ्याला गेल्यावर रुचितानेच सासूला सांगितलं, मान खाली घालून, की मम्मी, मी चुकीचं बोलले होते, ते जाणार.

आक्काबाईंनी वाकून पलंगाखाली पाहिलं. मग म्हणाल्या, “मंग लोखंडावर ल्ही.”

पलंगाखालून ट्रंक ओढली गेली. रुचिता कोपऱ्यावरच्या दुकानातून पिवळ्या ऑइलपेंटची लहान डबी आणि ब्रश घेऊन आली. लिहायला गौतमी पुढे झाली, तशी आक्काबाईंनी तिला थांबवलं. “तू न्हवं. तू कागदावर लिवलंस. हे घरच्यानं लिवायचं.” मग जी मराठी अडखळत वाचायची ती रुचिता गुडघे टेकून बसली आणि त्या काळ्या पट्ट्यावर एकेक अक्षर विचारत विचारत तिने लिहिलं: ‘पीपलखेडी’. आणि शेजारी, बारीक अक्षरात: ‘इंदुमती’.

तिने वर पाहिलं. खाली बांदीकुई होतं, त्यानंतर फुलेरा, शेवटी जयपूर. जिथून निघालो त्या प्रत्येक गावावर रेघ, हा ट्रंकेचा नियम. ती म्हणाली, “मम्मी, यावर रेघ मारू ना?”

“नगं,” आक्काबाई म्हणाल्या. “ती तिथनं निघाली न्हाई.”

हे सगळं गौतमीने परवा माझ्यात लिहिलं. तीच माझी शेवटची नोंद. ती नीट पूर्णविरामावर संपते.

मित्रांनो, उद्या एकतीस तारीख. मला वाचवा असं मी म्हणणार नाही; मी जाणार आहे आणि आता मला त्याची फारशी भीती वाटत नाही. शंभरपानी वहीत मी आहे, आणि मुरलीपुऱ्यात एका लोखंडी झाकणावर माझ्यापेक्षा टिकाऊ रंगात दोन शब्द आहेत. एवढंच सांगायचं होतं. माझ्यासारखी उघडी वही कधी लिहिलीत तर जरूर लिहा, चुका करा, त्या पुसू नका. पण दुसऱ्याच्या घरातलं काही लिहिण्याआधी एकदा परत जाऊन विचारा, आणि तो ‘असू दे’ म्हणाला तर असू द्या.

आणि आज घरी गेलात की बघा, घरातल्या सगळ्यात लहान माणसाचं नाव कुठे कुठे लिहिलेलं आहे. कुठे घालायचं राहिलं असेल तर सुट्टीची वाट पाहू नका. आजच घाला.